चांगला पत्रा लागेपर्यंत

गाडीचा गंज बाहेरून दिसायला लागतो, तेव्हा आतलं काम त्याने केव्हाच उरकलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली बारीक फोड उठतो. बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत लागतं. नख लावलं की रंगाचा पापुद्रा सुटतो, खाली तांबूस भुगा, आणि भुगा फुंकला की आरपार अंधार. पाणी बाहेरून पत्रा फोडून आत शिरलेलं नसतं. ते काचेच्या रबराशेजारून दाराच्या पोटात उतरलेलं असतं, तळाशी साचलेल्या मातीत मुरलेलं असतं आणि पावसाळ्यामागून पावसाळे तिथूनच बाहेरची वाट काढत असतं.

आमची फियाट १९६८ ची. अकराशे, डिलाइट. तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली आणि न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर आणली. दुधावरच्या सायीचा रंग, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे सलग लांब सीट. त्या सीटवर तात्यांच्या शेजारी दोन माणसं आणि एक नातू आरामात मावायचे. रांजणगावच्या गणपतीला ती गेली, चौफुल्याला गेली, पहाटेच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांना आणायला दौंडच्या स्टेशनवर कितीदा गेली. गावातल्या अडलेल्या बाळंतिणींना तिने शिरूरला पोचवलं. आणि खतं वाहिली. डिकीत युरिया, सल्फेट, पोटॅशची पोती.

त्या पोत्यांविषयी थांबून सांगायला हवं, कारण गंजाचं मूळ तिथे आहे. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेचे तालुके. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईत तो दोन हजारांच्या वर जातो आणि वर समुद्राची खारी हवा. जुनी गाडी घ्यायची तर आमच्या भागातली घ्यावी, तिचा पत्रा शाबूत असतो, असं जाणकार म्हणतात आणि ते खरं आहे. पण गंजाला पावसापेक्षाही ओल टिकून राहणं हवं असतं, आणि त्या ओलीत क्षार असला की त्याचं काम कितीतरी वेगाने होतं. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. फाटक्या पोत्यातून सांडलेले त्याचे दाणे डिकीच्या कोपऱ्यात बसले, हवेतला ओलावा ओढत राहिले. घोड धरणाचं, चासकमानचं पाणी आमच्या शिवारात आलं, ऊस आला, उसाबरोबर वर्षभर ओले राहणारे रस्ते आले, आणि चाकांनी उडवलेला काळा चिखल मडगार्डच्या आतल्या वळचणीत जाऊन बसला. काळी माती उन्हाळ्यातसुद्धा लवकर ओल सोडत नाही. शेतकऱ्याला तिचा हाच गुण प्यारा असतो. पत्र्याला तोच मारतो. आमच्या गाडीला समुद्राने थोडं खाल्लं असेल. बाकीचं आमच्या बागायतीने खाल्लं.

तात्या गेल्यावर ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने दाराखालच्या भोकांत चिंध्या कोंबून वरून लांबी भरून दिली होती. लांबी म्हणजे पुट्टी. घासून रंग मारला की दिसायला नवी. पण लांबीच्या मागे गंज जिवंतच असतो आणि लांबी स्वतः ओल धरते. दोन-तीन वर्षांत तुकडाच्या तुकडा गळून पडला, त्यात अजून ती चिंधी होती.

म्हणून आम्ही शिरूरला चाचांकडे गेलो. नगर रस्त्याच्या कडेला त्यांची शेड आहे. पिकअपच्या केबिना, ट्रॅक्टरची मडगार्डं, ट्रॉल्यांच्या फळ्या, हे त्यांचं रोजचं काम. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली ती डोळ्यांनी नाही, बोटांनी. मधल्या बोटाच्या पेराने पत्र्यावर टिचक्या मारत गेले. टण, टण, टण, आणि एकदम थप. तिथे खडूने फुली. पुढे परत टण. नंतर खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि फुल्यांवरून फिरवलं; लांबी होती तिथे ते घसरून खाली आलं. अर्ध्या तासात पांढऱ्या गाडीवर पांढऱ्या खडूचा नकाशा उमटला. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. त्याच्या अलीकडे थांबायचं नाही आणि पलीकडे जायचं नाही.”

या कामातलं सगळं शहाणपण मला त्या वाक्यात दिसतं. अलीकडे थांबणं सोपं आहे. अर्धा सडलेला पत्रा हातोडीने आत दाबून वर नवा तुकडा चिकटवला की काम झाल्यासारखं दिसतं. पलीकडे जाणंही सोपं आहे. अख्खं मडगार्डच कापून फेकायचं. अवघड आहे ती मधली रेघ. जिथे तांबूस संपतं आणि घासल्यावर करडा, चकचकीत, निरोगी पत्रा दिसतो, तिथपर्यंत सावकाश सरकत जायचं आणि तिथेच कटर थांबवायचा.

पण कापायच्या आधी एक मोठं काम असतं. जीपला, ट्रकला खाली चासीचा सांगाडा असतो, त्यावर बॉडी नुसती ठेवलेली असते. फियाटच्या या गाडीला चासी नाही. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही अकराशे पहिल्यांदा लोकांसमोर आली. दांते जाकोसा हे तिच्यामागचे अभियंते. जमिनीचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब, छप्पर, सगळं एकमेकांना जोडून केलेलं एकच कवच, आणि तेच गाडीचं बळ. त्यामुळे दाराखालची पेटी सडली म्हणजे नुसती शोभा गेलेली नसते, कणा खिळखिळा झालेला असतो. ती तशीच कापली तर गाडी मधोमध किंचित बसते, दाराची फट वर मिटते, खाली उघडते, आणि त्या अवस्थेत नवी पेटी जोडली की ते वाकडेपण कायमचं होतं. चाचांच्या मुलाने दारं उतरवली, दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपांची कैची टाक्यांनी जोडली, मग दोऱ्याने कर्ण मोजले. खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. मापं शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहिली. पुढे काम सुरू असताना जो तो येता-जाता त्या आकड्यांशी दोरा ताडून पाहायचा.

मग पेटी उघडली. कटरच्या ठिणग्या थांबल्या आणि बाहेरचा पत्रा उपटून काढला तेव्हा आतून माती पडली. घमेलंभर. त्यात उसाचं पाचट होतं, बाजरीचं कणीस कुरतडलेल्या उंदराचं घरटं होतं, तांबड्या मातीचाही एक थर होता, जो आमच्या शिवारातला नक्की नव्हता. डॉक्टरांनी कोकणात कुठेतरी गाडी नेली असणार. पेटीच्या आतल्या पत्र्याला रंग असा नव्हताच. आजच्या गाडीचं कवच रंगाच्या हौदात अख्खं बुडवतात, विजेच्या साहाय्याने प्रायमर पोकळीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात चढतो, पत्रासुद्धा बहुधा जस्ताचा थर घेऊन आलेला असतो. १९६८ च्या या गाडीच्या नशिबी ते नव्हतं. बाहेरून साय, आतून कोरं लोखंड. त्या आतल्या अंधारात पन्नासहून जास्त वर्षं ते टिकलं, याचंच मला अप्रूप वाटलं.

गंज फुगतो. लोखंडाला हवा आणि पाणी लागून जो तांबूस पदार्थ होतो, तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवून जोडलेले असतात, तिथे त्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत गंज धरला की तो फुगत जातो आणि दोन्ही पत्रे एकमेकांपासून लोटतो. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतो, पण तो घट्ट धरून बसतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. लोखंडाच्या गंजाची खपली सुटते, तिच्यात पाणी मुरतं, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून गंजाला आपण होऊन थांबणं ठाऊक नाही. त्याला कापूनच थांबवावं लागतं.

नव्या पत्र्याचा शोध सुरू झाला तेव्हा वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही, आणि त्याचं श्रेय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना. आमची डिलाइट आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी यांचं अंग जवळजवळ एकच. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी या नावाने तीच गाडी पुढे चालत राहिली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईत हजारोंनी धावली, मुंबईच्या पावसात दरवर्षी सडली आणि दरवर्षी दुरुस्त झाली. त्या दुरुस्तीसाठी कुर्ल्याच्या बाजूला पत्र्याचे तयार भाग निघत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तेव्हा मुंबईच्या आठवणींवर खूप लिहिलं. मला दुसरीच काळजी लागली होती. टॅक्सी गेली की तिचा पत्रा ठोकणारे हातही हळूहळू दुसऱ्या कामाला लागणार. कुर्ल्याहून आम्हाला दोन पुढची मडगार्डं आणि जमिनीचा पत्रा मिळाला. दाराखालच्या पेट्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानी मात्र नव्यानेच घडवाव्या लागणार होत्या.

कुर्ल्याचं नाव या गाडीत आधीपासूनच आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाची साखरेची नगरी, वालचंदनगर, आमच्यापासून फार लांब नाही, इंदापूर तालुक्यात. स्वातंत्र्याच्या सुमाराला कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लरच्या होत्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. फियाटशी हातमिळवणी त्यानंतरची, १९५० च्या दशकातली. या क्रायस्लरच्याच डॉजने पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत चार्जर काढली, सात लिटरच्या हेमी इंजिनापर्यंत पोचलेली, तिकडच्या तरुणांनी डोक्यावर घेतलेली मसल कार. आमच्या डिलाइटचं इंजिन १०८९ सीसीचं. पण दोघींचा वैरी एकच. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या राक्षसी ताकदीच्या गाड्यांच्या मागच्या चाकांवरच्या कमानी नेमक्या आमच्यासारख्याच, आतून बाहेर सडतात. तिकडे अशा गाड्यांचे भाग इतके मागितले जातात की १९६० च्या दशकातल्या मस्टँगचं तर फोर्डच्या परवान्याने अख्खं बॉडीशेल नव्याने विकत मिळतं. मला त्या सोयीचा हेवा वाटत नाही. अख्खं अंग विकत घेतलं तर ती रेघ शोधायची वेळच येत नाही, जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ती.

वालचंदांचे हे दोन सोबती, फियाट आणि क्रायस्लर, २०१४ मध्ये एकमेकांत विलीन झाले आणि २०२१ पासून स्टेलांटिस या मोठ्या समूहात गेले. त्यांचा टाटांबरोबरचा भागीदारीतला कारखाना आहे रांजणगावात. शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या देवळापासून जवळ. २०१७ पासून तिथे जीप कंपास बनते. चाचांच्या शेडसमोरून नगर रस्त्याने त्या कारखान्याच्या बसगाड्या जातात. रांजणगावात प्रेसच्या एका दाबाने दरवाजाचा पत्रा आकार घेतो, आणि शेजारच्याच तालुक्यात एक म्हातारा माणूस लाकडी मोगरीने त्याच घराण्याच्या जुन्या मुलीची कमान वळवत बसलेला असतो. मला हे दोन्ही सारखंच आवडतं. तरुण पोरांना तिकडे नोकऱ्या आहेत आणि असाव्यात. फक्त मोगरी हातात धरणारं कुणीतरी इकडेही उरावं.

मोगरी धरणारे ते आप्पा. ते दौंडचे. चाचा म्हणाले, पेटी आणि कमान आप्पांकडूनच करून आणा, माझ्याकडे तेवढं वळण निघणार नाही. स्वतःच्या हुन्नराची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारा कारागीर भेटला की त्याच्यावर विश्वास बसतो. तर आम्ही कापलेले सडके तुकडे नमुन्यासाठी पिकअपमध्ये टाकले आणि न्हावरा-चौफुला रस्त्याने निघालो. पारगावला भीमा ओलांडली. पलीकडे केडगावच्या परिसरात गुऱ्हाळांचा धूर रस्त्यावर उतरलेला असतो. थंडीत काच खाली केली की तापल्या रसाचा वास गाडीत भरतो. चौफुला, पाटस, मग दौंड.

दौंड रेल्वेचं गाव. पुण्याहून रूळ इथे १८५८ मध्ये आले, मनमाडकडची लाइन १८७८ मध्ये. वाफेची इंजिनं होती तेव्हा त्यांची शेड इथे होती. आप्पांचे वडील त्या शेडमध्ये बॉयलरवर काम करायचे आणि आप्पा लहानपणी डबा घेऊन जायचे. जाड पत्रा तापवून, ठोकून, रिव्हेट मारून वाफ कोंडायची कशी, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे त्यांनी गुऱ्हाळाच्या काहिली दुरुस्त केल्या, साखर कारखान्यांच्या टाक्या केल्या. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये रुळाचा एक तुकडा ऐरण म्हणून रोवलेला आहे. वरचा भाग इतका गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं.

त्यांनी आमचे सडके तुकडे हातात घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. मग पुठ्ठा घेतला आणि जिथे पत्रा शिल्लक नव्हता, तिथला आकार नुसत्या कडांवरून ओळखून कापला. पेटीला अठरा गेजचा पत्रा, बाहेरच्या कमानीला वीस गेजचा. “मूळ जेवढा जाड, तेवढाच घालायचा,” आप्पा म्हणाले. “जास्त जाड घातला की शेजारचा पातळ पत्रा फाटतो. दमदार दिसावं म्हणून जाड घालू नये.”

कमान त्यांनी वाळूच्या पोत्यावर वळवली. पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि मोगरीने मधोमध ठोकायचा; तो खोलगट होत जातो, कडा आपोआप वर येतात. मग रुळाच्या तुकड्यावर घेऊन सपाट हातोडीने गुळगुळीत करायचा. ठोकल्यावर पत्रा ताणतो, लांबतो, कुठे जास्त लांबला की तिथे फुगवटा येतो आणि बोटाने दाबला तर टकटक आत-बाहेर होतो. तो फुगवटा काढायची रीत मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. आप्पांनी गॅसच्या ज्योतीने त्याच्या मध्यावर रुपयाएवढी जागा लाल केली. लाल भागाभोवती पत्र्यावर रंग उमटले: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा, एकात एक वर्तुळं. हातोडीचे पाच-सहा हलके घाव, लगेच ओला फडका. चर्र झालं आणि फुगवटा गेला. तापल्यावर पसरू पाहणाऱ्या लोखंडाला भोवतालचं थंड लोखंड पसरू देत नाही, ते जागीच दबतं आणि निवताना आकसतं. कारण एवढंच. पण हात कुठे थांबवायचा ते कारणावरून कळत नाही. ते आप्पांना आवाजावरून कळत होतं. घाव बरोबर बसला की आवाज लांबत नव्हता, बुजत होता.

बिजागऱ्या, कुलपांचे खटके, काचेच्या यंत्रणेचे दांडे असे पोलादी भाग सगळेच गंजून एकमेकांना धरून बसले होते. ते घासले तर झिजतात. आप्पांनी ते मळीत घालायला सांगितले. साखरेचा काळा, दाट मोलॅसिस एक भाग आणि पाणी नऊ भाग. ड्रममध्ये कालवून त्यात गंजलेले भाग बुडवून ठेवायचे आणि विसरून जायचं. मळीतले घटक गंजाशी बांधले जातात, गंज सुटून पाण्यात येतो आणि निरोगी पोलादाला जवळजवळ धक्का लागत नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र त्यात चुकूनही घालायचे नाहीत, ते खाल्ले जातात. ड्रमला आंबूस वास सुटला, वर फेस आला, गोठ्यातल्या म्हशी तिकडे माना लांब करायच्या. काही आठवड्यांनी खटके बाहेर काढून पाण्याच्या फवाऱ्याखाली धरले तेव्हा त्यांच्यावर कारखान्याने कोरलेले बारीक अंक वाचता आले. ज्या उसाच्या ओलीने गाडी सडली, त्याच उसाने तिचे सांधे मोकळे केले. आमच्या तालुक्याकडे गाडीचं जे देणं होतं, त्यातलं थोडं असं परत आलं.

जोडकामासाठी परत शिरूर. कारखान्याने पत्रे जोडले होते ते विजेच्या टाक्यांनी, दर दोन-तीन बोटांवर एक गोल ठिपका. ते ठिपके भोकं पाडून सुटे केले होते. नव्या पत्र्याला त्याच जागी भोकं पाडून, वरून वेल्डिंगने भरून, चाचांनी तेच ठिपके परत आणले. बाहेरच्या कमानीला मात्र एकावर एक पत्रा चढवायला ते तयार नव्हते. एकावर एक चढवला की मध्ये फट, फटीत ओल, पुन्हा तेच. तेव्हा कडेला कड लावायची, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवायची आणि टाके मारत जायचे. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा पहिल्याच्या दुसऱ्या बाजूला. प्रत्येक टाका हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. सलग ओढत गेलं तर उष्णतेने पत्रा लाटांसारखा उठतो आणि मग कितीही लांबी भरली तरी उन्हात ती लाट दिसते. त्यामुळे काम झालं त्यापेक्षा जास्त वेळ आम्ही थांबलेले होतो. चहा यायचा, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, कुणीतरी थांबून विचारायचं की हिला कशाला एवढा खर्च, आणि चाचा हात न थांबवता म्हणायचे, “पत्रा चांगला आहे.”

सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे; नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, वीस हजार रुपये शुल्क, रोजच्या वापराला मनाई. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. गाडी तशी नोंदवावी का, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. माझं मत पक्कं आहे. मूळ जाडीचा पत्रा, मूळ वळणात, मूळ टाक्यांच्या जागी बसवला, तर तो फेरबदल होत नाही. ते जपणंच आहे. चिंध्या आणि लांबीने बुजवलेली गाडी बाहेरून मूळ दिसली तरी फेरबदल तिच्यात झालेला असतो. पण व्हिंटेज नोंदणी आम्ही अजून केलेली नाही, कारण रोज चालवायला मनाई आमच्या काकांना मान्य नाही. ही गाडी शिरूरच्या बाजाराला जाणारी आहे, असं ते म्हणतात, आणि त्यांचंही मला पटतं. तात्यांनी ती दाखवायला घेतली नव्हती.

रंगाच्या आधी पेट्यांच्या पोटात मेणाचं तेल फवारलं. पूर्वी याच कामाला इंजिनचं जळकं ऑइल ओतायचे, आणि ते थेंबथेंब गळायचं. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात. जुन्या दुरुस्तीत ती लांबीने बुजली होती. चाचांनी ती उघडली, कडा कानसीने साफ केल्या आणि सायकलच्या आऱ्याचा एक तुकडा काकांच्या हातात दिला. दर मृगाच्या आधी भोकांतून हा फिरवायचा आणि माती पाडायची.

दोन्ही बाजूंच्या पेट्या, उजवी कमान, जमीन आणि पुढची मडगार्डं झाली आहेत. करड्या प्रायमरमध्ये गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी आहे. दारं परत चढवली तेव्हा चारही बाजूंची फट एकसारखी आली आणि दार दोन बोटांनी लोटल्यावर लागलं. चाचांनी ते दोनदा उघडून लावलं, त्यांच्या मुलाने तिसऱ्यांदा. डावी कमान आणि डिकीचा तळ बाकी आहे. पोटॅशचा तो कोपरा चाचांनी खडूने आखलाय, पण आखणीच्या बाहेरही एका जागी टिचकी थप वाजते, म्हणजे रेघ अजून सरकणार. आप्पांकडे आता हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची रांग लागलीय, तेव्हा कारखाने सुरू होऊन गर्दी ओसरली की ते कमान घेतील. तोवर डिकीसाठी अठरा गेजचा पत्रा पुण्याहून आणून ठेवायला त्यांनी सांगितलंय. तेल लावलेलाच घ्या आणि कागदात गुंडाळून उभा ठेवा, कोरा पत्रा शेडमध्ये तसाच आडवा पडला तर एका पावसात तांबूस पडतो, असं फोनवर दोनदा बजावलं.